यशाच्या उत्तरामागे दडणारी नोटिस

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सर्व्हरकडून ‘काम झाले’ किंवा ‘काम झाले नाही’ एवढेच उत्तर येते, असे धरून अनेक वेब-प्रोग्राम लिहिले जातात. परंतु मंजूर अर्जाला चिठ्ठी टाचलेली असावी तसा तिसरा एक मजकूरही सर्व्हर पाठवतो, त्याला ‘नोटिस’ म्हणतात. त्रुटीने आज्ञा रद्द होते, नोटिशीने होत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ती दुर्लक्षित राहते.

मराठी नावे वापरणाऱ्यांना हे दुर्लक्ष विशेष महागात पडू शकते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये टेबलाच्या नावाला सामान्यतः ६३ बाइटांची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो, अनुस्वार असो वा हलन्त, ३ बाइट घेते. त्यामुळे ‘ग्रामपंचायत_मालमत्ता_कर’ हे ६५ बाइटांचे नाव ‘ग्रामपंचायत_मालमत्ता_क’ असे कापले जाते, आणि ‘ग्रामपंचायत_मालमत्ता_कर_थकबाकी’ हे नावही तिथेच तुटते. ‘आधी नसेल तरच टेबल तयार करा’ अशी अट घातलेली असली, तर दुसऱ्या आज्ञेलाही यशाचेच उत्तर मिळते. दोन्ही टेबलांची रचना सारखी असल्यास कर आणि थकबाकी यांच्या नोंदी एकत्र मिसळू लागतात, आणि पुढची प्रत्येक आज्ञा त्याच तोकड्या नावावर पोचत असल्याने कुठेही अडखळत नाही.

सर्व्हरने मात्र दोनदा सांगितलेले असते: आधी नाव कापल्याचे, मग टेबल अगोदरच असल्याने आज्ञा वगळल्याचे. पीएचपी या भाषेत असे संदेश वाचण्यासाठी ‘पीजी_लास्ट_नोटिस’ हे फंक्शन आहे. पण ते पूर्वी केवळ शेवटचाच संदेश देई, म्हणजे मूळ कारण सांगणारा पहिला संदेश हातून निसटे. २०१६ मधील ७.१ आवृत्तीपासून त्या जोडणीवर साठलेल्या सर्व नोटिसा एकत्र मागता येतात आणि वाचून झाल्यावर साठा रिकामाही करता येतो. ही सुधारणा छोटी दिसली तरी तिचे मोल मोठे आहे. पीडीओ या जोडणी-पद्धतीत तर ८.४ आवृत्तीपासून नोटिस येताक्षणी चालणारे फंक्शन नेमण्याची सोय झाली आहे.

तरीही ‘क्लायंट_मिन_मेसेजेस’ ही सेटिंग, म्हणजे ग्राहकाकडे किमान कोणत्या पातळीचे संदेश पाठवावेत याचा नियम, ‘वॉर्निंग’वर नेऊन ठेवली, तर या दोन्ही नोटिसा सर्व्हरकडून निघतच नाहीत, म्हणून ‘नोटिस’ ही तिची मूळ पातळी निदान टेबले तयार करणाऱ्या प्रोग्रामसाठी तरी बदलू नये.