गोड पोर्ट वाईन लो-कार्ब आहारात बसते का? एका साध्या प्रश्नाचं गणित



दिवाळीला वसमतला घरी आलो होतो. मामा भेटायला आले आणि चहा (बिनसाखरेचा) पिता पिता म्हणाले, "तू एवढं पीएच.डी. करतोस, तर एक सांग. पुढच्या महिन्यात आम्ही मित्र गोव्याला चाललोय. तिथं ती गोड पोर्ट मिळते ना, जेवणाआधी एक ग्लास घेतली तर चालेल का? तीन महिने झाले, भाकरी सोडलीय मी."

मामांना चार वर्षांपासून मधुमेह आहे. आपल्या मराठवाड्यात दीक्षित डाएट घरोघरी पोचलंय. त्यात दिवसातून किती वेळा खायचं ते मोजतात: दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत. मामांनी मात्र लो-कार्ब धरलंय. म्हणजे दिवसाला पोटात किती ग्रॅम कर्बोदकं जातात ते मोजायचं. साधारणपणे १३० ग्रॅमच्या खाली असेल तर लो-कार्ब म्हणतात. किटो आहारात हाच आकडा २० ते ५० ग्रॅमवर येतो.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट, नेट-सेटच्या तयारीत आहेत. म्हणून मामांचा प्रश्न मी इथं सोडवून दाखवतो. "चालेल का?" हा प्रश्न मोजता येत नाही. त्याचा मोजता येणारा प्रश्न कसा करायचा, तेच तर संशोधनात शिकायचं असतं.

पोर्ट गोड का असते?

साध्या वाईनमध्ये यीस्ट द्राक्षरसातली जवळपास सगळी साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. पोर्टमध्ये हे काम मधेच थांबवतात. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यात (या भागाची हद्द १७५६ मध्येच आखली गेली होती) आंबणाऱ्या रसात सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेलं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. एवढ्या अल्कोहोलात यीस्ट टिकत नाही आणि उरलेली साखर तशीच राहते.

आता वही काढा. समजा रसात लिटरला २३० ग्रॅम साखर आहे. १ टक्का अल्कोहोल तयार व्हायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते. १०५ ग्रॅम साखर संपली तेव्हा अल्कोहोल झालं सुमारे ६.२ टक्के, आणि १२५ ग्रॅम साखर उरली. आता असा रस ४ भाग आणि स्पिरिट १ भाग मिसळा:

अल्कोहोल = (४ × ६.२ + ७७) ÷ ५ = सुमारे २० टक्के
साखर = १२५ × ४ ÷ ५ = लिटरला १०० ग्रॅम

पोर्टचे खरे आकडेही याच्याच आसपास असतात. गोव्यात पोर्ट म्हणून विकली जाते ती गोड वाईन वेगळी. तिच्यात अल्कोहोल बऱ्याचदा कमी असतं आणि साखर कंपनीगणिक बदलते. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा कर्बोदकांचा तक्ता बाटलीवर नसतो. म्हणून पुढचं गणित डोरूच्या आकड्यांवर केलंय, आणि हे गृहीतक मी उघड लिहितोय. तुम्हीही तुमची गृहीतकं अशीच लिहीत चला.

ग्लासात किती ग्रॅम?

६० मिलिलिटरचा छोटा ग्लास घेतला तर साखर ६ ग्रॅम. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ३४ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे छोटा ग्लास पाव भाकरीपेक्षाही कमी. १५० मिलिलिटरचा भरलेला ग्लास असेल तर १५ ग्रॅम. लो-कार्बमध्ये बसवता येईल, किटोत मात्र दिवसाचा बराचसा वाटा संपला.

हे ऐकून मामा खूश झाले. "म्हणजे चालेल!"

मीही क्षणभर हो म्हणणारच होतो. पण थांबलो, कारण आम्ही एकच रकाना भरला होता.

दुसरा रकाना

६० मिलिलिटरमध्ये २० टक्के म्हणजे १२ मिलिलिटर अल्कोहोल. घनता ०.७८९ धरली तर सुमारे ९.५ ग्रॅम. अल्कोहोल कर्बोदक नाही, म्हणून लो-कार्बच्या हिशोबात ते दिसतच नाही. पण ग्रॅमला ७ किलोकॅलरी धरल्या तर त्यातून ६६ किलोकॅलरी येतात आणि साखरेतून फक्त २४. मामा जी साखर मोजत होते, ती एकूण ऊर्जेच्या पाव हिश्श्यापेक्षा थोडीशीच जास्त निघाली.

कॅलरीपेक्षा यकृताचा मुद्दा मोठा आहे. यकृतात अल्कोहोलचं आधी अॅसिटाल्डिहाइड आणि मग अॅसिटेट होतं. दोन्ही पायऱ्यांवर एनएडी वापरलं जाऊन एनएडीएच वाढतं. ते वाढलं की चरबी जाळण्याचं काम मंदावतं आणि यकृताची नवीन ग्लुकोज बनवण्याची क्षमताही घटते.

आता भाकरी सोडलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्या यकृतात ग्लायकोजेनचा साठा आधीच कमी. रात्रभर रक्तातली साखर टिकवायला तो याच नव्या ग्लुकोजवर जास्त अवलंबून असतो. त्यात तो ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर साखर खाली ओढणारं औषध चालू आणि वर आणणारं यकृत अडकलेलं, अशी गत होते. ग्लास घेतल्यावर साखर थोडी वर जाईल, पण काही तासांनी, कदाचित झोपेत, धोकादायक खाली येऊ शकते. घाम, थरथर, अडखळणारं बोलणं ही लक्षणं बघून सोबतचे मित्र म्हणतील, "चढली याला, झोपू द्या."

डापाग्लिफ्लोझिनच्या गटातलं औषध असेल तर वेगळी काळजी. अगदी कमी कर्बोदकं आणि जास्त मद्य एकत्र आलं तर किटोअॅसिडोसिसचा धोका वाढतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही.

मी मामांना म्हटलं, "गोळ्यांची पट्टी दाखवा." पट्टीवर मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराईड होतं.

मग प्रयोगशाळेत मोजू की!

एका मित्राने सुचवलं, रिफ्रॅक्टोमीटर लाव. आमच्याकडे पूर्णा साखर कारखान्याच्या पट्ट्यात ब्रिक्स हा शब्द शेतकऱ्यालाही माहीत आहे. पण उसाच्या रसाला चालतं ते वाईनला जसंच्या तसं चालत नाही. अल्कोहोलचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त, म्हणून साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हायड्रोमीटर उलटा फसवतो: अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून साखर कमी दिसते. एकाच बाटलीबद्दल दोन उपकरणं दोन विरुद्ध चुका करतात. आणि ग्लुकोमीटर? तो फक्त ग्लुकोज मोजतो. द्राक्षाच्या साखरेत फ्रुक्टोजही भरपूर असतं, शिवाय ती पट्टी रक्तासाठी बनवलेली आहे.

फेहलिंगचं अनुमापन इथं कामाला येतं. पण त्यातही एक खाच आहे. वरून उसाची साखर घातली असेल तर सुक्रोज फेहलिंगला थेट प्रतिसाद देत नाही. आधी आम्ल घालून त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करून घ्यावं लागतं. म्हणून पद्धत निवडण्याआधी विचारायचं: हे उपकरण नेमकं काय मोजतंय?

तुमच्या वहीसाठी

"चालेल का?" याचे चार तुकडे करा: कुणाला, किती, कशावर परिणाम आणि किती वेळाने. मामांच्या बाबतीत पहिला आणि शेवटचा तुकडा गळला होता. ग्लासातली साखर आम्ही बरोबर काढली होती, पण धोका गोळीत आणि मध्यरात्रीच्या वेळेत होता.

मामांना मी हो किंवा नाही सांगितलं नाही. तो अधिकार माझा नाही. एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या: गोळ्यांची नावं, रोजची कर्बोदकं, ग्लासचं माप, जेवणाची वेळ. म्हटलं, "डॉक्टरांना हेच दाखवा, नुसतं चालेल का विचारू नका."

परवा फोन आला. डॉक्टरांनी गोळीचं आणि आहाराचं गणित बसेपर्यंत पोर्टला नाही सांगितलंय, आणि भाकरी सोडली तेव्हाच गोळीचा डोस तपासायला यायला हवं होतं, असंही म्हणाले. डोस आता कमी झालाय. मामा म्हणाले, "वाईनचं सोड, पहाटे घाम यायचा ना, तो थांबला बघ."

पहाटे घाम येतो, हे मामांनी मला सांगितलंच नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.