धावण्याची सोबत

मेळघाटच्या डोंगराळ अरण्यात, सिपना नदीच्या काठी, सेमाडोह नावाचे एक लहानसे गाव आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढून येथे येतो आणि कोलकास, हरिसाल ही ठिकाणे घेत पुढे जातो. भोवती सागाचे दाट रान पसरलेले आहे. १९७४ साली या अरण्यात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. या भागात कोरकू लोकांची वस्ती मोठी. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला पायी जाणे येथील माणसांच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु उजाडण्यापूर्वी एकट्याने रानवाटेने धावत निघणे कोणीही शहाणा मनुष्य पसंत करणार नाही. वाघ आणि अस्वल यांच्या मुलखात वाटेला सोबत हवी, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते.

जेथे वाघ नाहीत, अशा सपाट सडकेवरही धावणाऱ्याला सोबतीची गरज असते. तरुणाला ती थोडी असते; वृद्धाला पुष्कळ असते. ही गरज ओळखूनच धावणाऱ्यांची मंडळे निघाली.

व्यायामासाठी मंडळ स्थापन करण्याची कल्पना वऱ्हाडाला नवी नाही. सेमाडोह ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरी १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमान क्लब सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने सर्वत्र प्रसिद्ध झाला. या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी हुतूतूसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. पुण्यात तर त्याही आधी, १९०६ साली, डेक्कन जिमखाना निघाला होता. त्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतील शेतकरी अनवाणी धावत. त्यांचा वेग पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्या खटपटीने १९२० साली भारताचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावकडील फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. शेताच्या बांधावरून धावणारा मनुष्य जगाच्या मैदानावर पोहोचला, तो एका संस्थेच्या आधारामुळे.

केवळ धावण्यासाठी मंडळे काढण्याची चाल मात्र इंग्लंडातील. तिचा उगम मोठा गमतीचा आहे. तेथील शाळांतून मुले ‘ससा आणि कुत्रे’ नावाचा खेळ खेळत. एकदोन मुले ससा होऊन पुढे पळत आणि वाटेवर कागदाचे कपटे टाकीत जात. बाकीची मुले शिकारी कुत्री होऊन त्या कपट्यांच्या मागाने शेते, कुंपणे आणि ओढे ओलांडीत त्यांचा पाठलाग करीत. मोठेपणीही हा खेळ सुटेना, तेव्हा १८६८ साली लंडनमध्ये ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हे मंडळ निघाले. रानोमाळ धावणाऱ्यांचे ते सर्वांत जुने मंडळ मानले जाते. सशाची शिकार करणाऱ्या कुत्र्याला इंग्रजीत ‘हॅरिअर’ म्हणतात. आजही तिकडच्या अनेक धावमंडळांच्या नावात हा शब्द असतो, तो या खेळामुळेच.

या मंडळांनी शर्यतीचा एक न्यारा प्रकार रूढ केला. धावणे म्हणजे एकट्याचा खेळ, असे आपण समजतो. येथे तो संघाचा होतो. पहिल्या आलेल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन असे गुण देतात आणि संघाच्या गुणांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तीन मैलांची अशी शर्यत झाली. प्रत्येक संघातील पहिल्या तिघांचे गुण धरावयाचे होते. ब्रिटनचे तीन गडी पहिले, दुसरे व तिसरे आले, बेरीज सहा. याहून कमी बेरीज होणेच शक्य नाही! कित्येक स्पर्धांत सहा जणांचे गुण धरतात. तेव्हा सर्वांत पुढे असलेल्या वीराइतकेच महत्त्व मागे धापा टाकीत येणाऱ्या सहाव्या गड्याला येते. तो दोन माणसांना मागे टाकू शकला, तर संघ तरतो. म्हणून त्याचे सोबती आपली शर्यत संपल्यावरही घरी न जाता त्याची वाट पाहत उभे राहतात.

१९०८ च्या त्या शर्यतीत पहिला आलेला धावपटू जो डीकिन हा लंडनच्या हर्न हिल हॅरिअर्स मंडळाचा. पदक मिळाले तेव्हा त्याचे वय एकोणतीस वर्षांचे होते. पदक मिळवून तो थांबला नाही. वयाची नव्वदी येईपर्यंत धावत राहिला.

नव्वदीचा मनुष्य धावू शकतो, हे ऐकून नवल वाटते. वय वाढले की शरीरात काय घडते, ते पाहिले म्हणजे या नवलाचा उलगडा होतो. हृदय जास्तीत जास्त जितक्या वेगाने ठोके देऊ शकते, तो वेग वर्षाला सुमारे एका ठोक्याने घटत जातो. विशीतला तरुण जिवाच्या आकांताने धावला, तर त्याच्या हृदयाचे मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके पडतात. सत्तरीत ते दीडशेच्या आसपास थांबतात. रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा कमी होतो. स्नायूंमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात. काही झटकन आकुंचन पावणारे, तर काही संथपणे पण दीर्घकाळ काम करणारे. म्हातारपणी झटपट काम करणारे तंतू आधी क्षीण होतात. म्हणूनच वृद्धाला शंभर मीटरची धाव कठीण जाते, परंतु सावकाश लांब पल्ला गाठण्याची शक्ती त्याच्या अंगी पुष्कळ काळ टिकते. तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची शक्ती दर दहा वर्षांनी सुमारे एक दशांशाने घटते. नियमाने व्यायाम करणाऱ्याची त्याहून हळू घटते. मात्र व्यायाम नियमाने व्हावयास हवा, आणि खरी अडचण येथेच येते. थंडीच्या पहाटे अंथरूण सोडवत नाही. गुडघा दुखत असतो. घरची माणसे ‘आता पुरे’ म्हणतात. अशा वेळी कोपऱ्यावर चार सोबती उभे असतील, तर पाय आपोआप जोड्यात शिरतात. शिवाय वाटेत भोवळ आली, तर सावरायला माणूस असतो. ही गोष्ट लहान नव्हे.

सोबत नसतानाही धावणारी माणसे असतात. बुलढाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या लता भगवान करे यांनी वयाची साठी ओलांडल्यावर, २०१३ साली, बारामतीच्या मॅरेथॉनमधील वृद्धांच्या गटात भाग घेतला. नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी पायांनी तीन किलोमीटर धावून त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. पतीच्या आजाराच्या तपासणीला पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांना ना शिक्षक होता, ना मंडळ. त्यांच्यावर पुढे एक चित्रपट निघाला आणि त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. त्यांचे धैर्य थोर खरे. पण नडीमुळे धावणे आणि आवडीने धावणे यांत अंतर आहे.

आवडीने धावणाऱ्या वृद्धांत फौजा सिंग यांचे नाव अग्रभागी येते. पंजाबात जालंधरजवळच्या बियास पिंड या गावी ते शेती करीत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचा जन्म १९११ सालचा. जन्माचा दाखला नसल्यामुळे त्यांचे विक्रम नोंदपुस्तकांत चढले नाहीत. लहानपणी त्यांचे पाय इतके अशक्त होते, की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना चालताही येत नव्हते. १९९२ साली पत्नी वारली. १९९४ साली एका मुलाचा अपघाती मृत्यू झाला. पुढे ते लंडनच्या इलफर्ड भागात दुसऱ्या मुलाकडे राहू लागले. भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही, आणि मनात मुलाचे दुःख. त्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी ते धावू लागले. हरमंदर सिंग या शिक्षकांकडे पहिल्या दिवशी ते चक्क कोट, जाकीट आणि पाटलोण असा पोशाख करून आले, असे सांगतात! मॅरेथॉन सव्वीस किलोमीटरची असते, अशी त्यांची समजूत होती. ती सव्वीस मैलांची, म्हणजे सुमारे बेचाळीस किलोमीटरची असते, हे कळल्यावरही ते मागे हटले नाहीत. २००० साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली. २००३ साली टोरँटो येथे त्यांना पाच तास चाळीस मिनिटे लागली. २०११ साली, शंभराव्या वर्षी, त्याच शहरात त्यांनी सुमारे सव्वाआठ तासांत तेच अंतर काटले. वेळ वाढत गेला, पल्ला मात्र सुटला नाही.

त्यांच्याभोवती ‘शीख्स इन द सिटी’ हे धावमंडळ वाढले. ज्या म्हाताऱ्याला परक्या शहरात बोलायला माणूस नव्हते, त्याला धावता धावता आपल्या भाषेत गप्पा मारणारे सोबती मिळाले. २०१३ साली हाँगकाँग येथे दहा किलोमीटर धावून त्यांनी शर्यतींचा निरोप घेतला. चालणे मात्र सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी आपल्या जन्मगावाजवळच्या रस्त्यावर एका मोटारीची धडक बसून त्यांचा अंत झाला. तेव्हा मंडळाने जाहीर केले, की इलफर्डमध्ये ज्या वाटेवर ते सराव करीत, त्याच वाटेवर त्यांच्या नावाने धावपटूंसाठी एक वास्तू उभारण्यासाठी निधी जमविला जाईल.