अर्धांगवायू: ऐकीव समजुती आणि वस्तुस्थिती

अर्धांगवायूचा झटका हृदयात नव्हे, मेंदूत येतो. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तिच्यावर अवलंबून असलेला भाग काम थांबवतो. जगभरात निम्म्याहून अधिक झटके गुठळीचे असतात, उरलेले रक्तस्रावाचे. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते; बहुतेकांचे भाषेचे केंद्रही डावीकडेच असल्याने वाचाही अडखळते.

एवढा मोठा आजार असेल तर दुखेलच, ही समजूत सर्वांत घातक. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाहीत, त्यामुळे गुठळीचा झटका बहुधा न दुखताच येतो. घास तोंडापर्यंत नेताना हात साथ देत नाही, चप्पल पायातून निसटते आणि पत्ताही लागत नाही. छातीत कळ आली की मध्यरात्री रिक्षा शोधणारे घर अशा वेळी ‘हात अंगाखाली आला असेल’ म्हणत सकाळची वाट पाहते. रक्तस्रावात मात्र कधी कधी अचानक असह्य डोकेदुखी आणि उलट्या होतात.

लक्षणांची खूण म्हणजे त्यांचे अचानक येणे. चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका हातातली किंवा पायातली ताकद जाणे, बोबडी वळणे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणे, दिसेनासे होणे, तोल जाणे. रुग्णाला हसायला, दोन्ही हात समोर उचलून धरायला आणि एक साधे वाक्य म्हणायला सांगावे. यांतले एक जरी बिघडलेले दिसले तरी पुरे. तिन्हींची वाट पाहू नये.

काही वेळा दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते आणि ‘अशक्तपणा होता’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात हा मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत धोका सर्वाधिक असतो. लक्षणे गेली तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

‘वारे गेले’ म्हणून तेल चोळणे, कबुतराचे रक्त लावणे किंवा सुईने बोटांची टोके टोचणे यांपैकी कशानेही गुठळी विरघळत नाही. वेळ मात्र जातो. घरातली अ‍ॅस्पिरिन देणेही चूक, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅन किंवा एमआरआयशिवाय ठरत नाही. बीपीची गोळी जिभेखाली ठेवल्यास दाब एकदम कोसळून मेंदूचे आणखी नुकसान होऊ शकते. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर घोटभर पाणीही श्वासनलिकेत जाते. त्यापेक्षा १०८ ला फोन करावा आणि चोवीस तास स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

यावर उपचारच नाहीत, हा समज जुना झाला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत देता येते. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून काढता येते, निवडक रुग्णांत तर चोवीस तासांपर्यंत. म्हणून उशीर झाला असे घरीच ठरवू नये. वेळ मोजायची ती रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला तेव्हापासून. झोपेतून उठताना लक्षणे दिसली तर रात्री झोपला ती वेळ डॉक्टरांना सांगावी लागते.

हा म्हातारपणाचा आजार, असेही म्हटले जाते. वयाबरोबर धोका वाढतो हे खरे, पण तिशी-चाळिशीतही झटका येतो. भारतासह ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या दहा घटकांशी जोडलेला आढळला. त्यांत उच्च रक्तदाब सर्वांत वरचा. शिवाय मधुमेह, धूम्रपान, मद्य, पोटाचा घेर, बैठी राहणी, हृदयविकार. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार असेल तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. मिश्री आणि गुटखा ओढायचे नसतात म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीत.

बीपी वाढले की डोके दुखते, चक्कर येते, नाहीतर ते ठीकच आहे, असे अनेकांना वाटते. वाढलेला दाब बहुधा कसलीच जाणीव देत नाही. तो मोजूनच कळतो. आकडा ताळ्यावर आला म्हणून परस्पर गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. आकडा बहुधा गोळ्यांमुळेच ताळ्यावर असतो, आणि त्या सुटल्या की काही दिवसांत तो पुन्हा चढू लागतो.