गॅस वाढला, खोल्या रिकाम्या झाल्या

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मार्सेलस नावाच्या खडकाच्या थरातून गॅस काढण्यासाठी २०११ साली १,९०० हून अधिक विहिरी खोदायला घेतल्या गेल्या. २०१६ साली हा आकडा ५०० च्या आसपास आला होता. त्याच पाच वर्षांत राज्याचे वायूउत्पादन मात्र सुमारे ३,७०० कोटी घनमीटरवरून १५,००० कोटींवर गेले. तुलनेसाठी, २०१६-१७ मध्ये सगळ्या भारताचे उत्पादन ३,२०० कोटी घनमीटरच्या घरात होते. म्हणजे नव्या विहिरी एक चतुर्थांश आणि गॅस चौपट. या दोन आकड्यांपैकी गावातले हॉटेल चालते ते पहिल्यावर.

सस्क्वेहॅना नदीकाठचे टोवांडा हे ब्रॅडफर्ड काउंटीचे मुख्य ठिकाण. वस्ती तीन हजारांच्या आत. राज्यातल्या सर्वाधिक विहिरी खोदलेल्या काउंट्यांपैकी ही एक. विल्यमस्पोर्टच्या तंत्रमहाविद्यालयाशी जोडलेल्या प्रशिक्षण केंद्राने त्या काळात हिशेब मांडला होता. एक विहीर उभी राहायला सुमारे १५० प्रकारच्या कामांवरची ४०० हून जास्त माणसे लागतात आणि एकूण कामापैकी ९८ टक्के काम गॅस सुरू होण्याआधीच संपते. एका विहिरीत खडक फोडण्यासाठी साधारण दीड कोटी लिटर पाणी जिरवावे लागते. १९ हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे तर जवळपास ८०० खेपा होतात. हे टँकरवाले, टेक्सास-ओक्लाहोमातून आलेले रिगवरचे (खोदकामाच्या यंत्रावरचे) कामगार, पाइप जोडणारे, सगळ्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी. गॅस एकदा वाहू लागला की विहिरीवर अधूनमधून देखरेखीपुरती माणसे फिरकतात.

समजा, गावात ८० खोल्यांचे हॉटेल आहे. २०११ साली अमेरिकेत सरासरी ६० टक्के खोल्या भरलेल्या असत. म्हणजे ४८ खोल्या. सरकारी कर्मचाऱ्याला बहुतेक ठिकाणी मुक्कामासाठी तेव्हा मिळणारी ७७ डॉलरची मर्यादा हाच दर धरला, तर रात्रीचे ३,६९६ डॉलर होतात. सगळ्या खोल्या भरल्या तर ६,१६०. दर एका डॉलरनेही न वाढवता वर्षाला सुमारे ९ लाख डॉलर जास्त. प्रत्यक्षात दरही वाढत होते, कारण कंपन्या महिनोन्‌महिने खोल्या अडवून ठेवत.

अशा हॉटेलात उतरणाऱ्या साध्या प्रवाशाला वेगळेच वेळापत्रक दिसते. पाळ्या बारा तासांच्या, म्हणून नाश्ता पहाटे चारला मांडलेला. दाराशी चिखलाचे बूट घासायचे ब्रश. रात्रपाळीवाले दिवसा झोपतात, त्यामुळे दुपारी बारालाही मजल्यावरचे पडदे बंद आणि सफाईवाली बाई हलक्या पावलांनी पुढच्या खोलीकडे जाणारी. हा मुक्काम गैरसोयीचा असतो, पण वाईट नसतो. दमून आलेली माणसे गोंगाट करत नाहीत.

खरी झळ स्थानिक भाडेकरूंना बसली. बाहेरून आलेल्यांना हॉटेले पुरेनात, तेव्हा कंपन्यांनी घरेच भाड्याने घेतली आणि जुन्या भाडेकरूंना परवडेनासे झाले. २०१२ च्या कायद्याने राज्याने प्रत्येक विहिरीवर शुल्क बसवले. २०११ च्या विहिरींपोटी २० कोटी ४० लाख डॉलर जमले आणि त्यातला काही भाग परवडणाऱ्या घरांसाठी राखला गेला. मला ही तरतूद योग्य वाटते, फक्त ती भाडी चढून गेल्यावर आली. हॉटेलकराचा हातभारही अपुराच पडतो. राज्याचा कर ६ टक्के असला, तरी सलग ३० दिवस किंवा त्याहून जास्त राहणारा ‘कायमचा रहिवासी’ ठरतो आणि त्याला सूट मिळते. रिगवरचा कामगार नेमका असाच राहतो.

नव्या विहिरींना लागलेल्या ओहोटीचे कारण गॅसच्या भावात होते. हेन्री हब या बाजारातला वार्षिक सरासरी भाव २००८ मध्ये ८.८६ डॉलर होता, तो २०१२ मध्ये २.७५ वर घसरला. खोदलेल्या विहिरी वाहत राहिल्या, नव्या खोदणे परवडेना. राज्यातल्या रिग शंभराच्या वर होत्या, त्या २०१६ मध्ये वीसच्या आसपास उरल्या. ब्रॅडफर्डची लोकसंख्या २०१० मध्ये ६२,६२२ होती, २०२० मध्ये ती ६० हजारांच्या किंचित खाली आली.

म्हणून अशा गावात हॉटेल बांधू पाहणाऱ्याने उत्पादनाचे आलेख बाजूला ठेवून बेकर ह्यूजेस कंपनी दर आठवड्याला जाहीर करते तो रिगचा आकडा पाहावा. तिथे लघुउद्योग कर्जाची मुदत २५ वर्षांपर्यंत असते, आणि एका विहिरीवरचे खोदकाम काही आठवड्यांत आटोपते.