टायर बाद केव्हा समजावा?

रोवणीच्या दिवसांत गोंदिया शहरालगतच्या फुलचूर येथे रस्त्याचे रूपच पालटते. बांध्यांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर चिखल डांबरी रस्त्यावर येतो, त्यावर पावसाची सर पडते आणि शहरात कामाला निघालेल्या दुचाकीस्वारास ऐन वेळी ब्रेक दाबावा लागतो. त्या क्षणी त्याची सारी भिस्त रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबरावर असते.

झिजलेला टायर फसवा असतो. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही चांगली पकड घेतो. त्यामुळे उन्हाळाभर वाहन बिनतक्रार चालले, की टायर अजून वर्षभर टिकेल असे मालकास वाटते. खाचांचे खरे काम पावसात सुरू होते. चाकाखाली सापडलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. खाचा उथळ झाल्या, की पाण्याला वाट राहत नाही. मोटारीचा वेग अधिक असल्यास पाण्याचा थर चाकाला उचलून धरतो. मग ना ब्रेक लागत, ना स्टिअरिंग ऐकत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरवरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा, तर इतर वाहनांच्या बाबतीत १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ती पाहण्यास उपकरण लागत नाही. टायरच्या बाजूवर लहान त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत वरच्या खाचेत पाहिल्यास तळाशी रबराचा आडवा उंचवटा दिसतो. भोवतालचे रबर झिजून या उंचवट्याच्या पातळीला आले, की टायर बाद झाला.

झीज कोठे आहे, तेही पाहावे. मधोमध झीज असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी भरली जात आहे. एकाच कडेला असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. ते दुरुस्त न करता घातलेला नवा टायरही तसाच झिजेल. बाजूला फुगा आलेला किंवा आतील दोरे उघडे पडलेला टायर मात्र खाचा खोल असल्या तरी त्वरित बदलावा.

२०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायरतपासणी हाती घेतली व झिजलेल्या टायरांची वाहने अडविली. फुलचूरच्या रस्त्यावर ही तपासणी वाहनधारकानेच आपल्या अंगणात, पावसाळ्यापूर्वी करावयाची आहे. ती करताना स्टेपनी विसरू नये. पुष्कळदा बाद झालेला जुना टायरच स्टेपनी म्हणून ठेवलेला असतो, आणि पंक्चर नेमके भर पावसात, रात्री होते.