अर्थिंगविषयीं कांहीं गैरसमज

आपल्या निफाड तालुक्यांत विहिरीवर विजेची मोटार नाहीं असा बागाईतदार विरळा. पंप घेतांना आपण कसोशीनें पारख करितों. परंतु जमिनींत पुरावयाच्या अर्थिंगविषयीं मात्र ऐकीव गोष्टींवर विसंबतो. त्यांपैकीं तीन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या असल्यामुळें त्यांचा येथें विचार करूं.

पहिला गैरसमज असा कीं, अर्थिंग केलें म्हणजे वीज जमिनींत मुरते. वस्तुतः ती ज्या रोहित्रांतून निघते तेथेंच परत जाऊं पाहते. रोहित्राचा न्यूट्रल जमिनीस जोडलेला असतो. म्हणून मोटारीच्या सांगाड्यांत उतरलेली वीज सळईवाटे मातींत व मातींतून रोहित्राकडे जाते. वाट बिकट असेल तर प्रवाह थोडाच वाहतो.

दुसरा गैरसमज : अर्थिंग आहे, फ्यूज आहे, मग भय कसलें? हिशेब करून पाहावा. फेजचा दाब २३० व्होल्ट. आपल्या सळईचा विरोध २० ओहम व रोहित्राकडील ३ ओहम धरल्यास प्रवाह १० अँपियर होतो. त्यानें १५ अँपियरचा फ्यूज वितळत नाहीं, आणि सांगाड्यावर २०० व्होल्ट तसेच राहतात! फ्यूज तारेचें रक्षण करितो. माणसासाठीं ३० मिलिअँपियर गळती होतांच वीज तोडणारा ई.एल.सी.बी. बसवावा, कारण त्याहून थोडा अधिक प्रवाह छातींतून गेला तरी हृदय बंद पडूं शकतें.

तिसरा गैरसमज : अर्थिंग न्यूट्रलच्या जागीं चालतें. ही चूक प्रस्तुत लेखकानें स्वतः केली आहे. लहान पंप फेज व अर्थिंगवर चालविला. ४ अँपियर प्रवाह २० ओहमांतून गेला म्हणजे सळईवर ८० व्होल्ट चढतात, व भोंवतालच्या जमिनींत पावलागणिक दाबाचा फरक पडतो. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून त्यास धक्का मोठा. आमची गाय त्या ओल्या मातींत पाय पडतांच कोसळली व गेली. कचेरींत मेल्या जनावरांचे पंचनामे नकलण्यांत माझा जन्म गेला. पण ही एक नक्कल अजून विसरतां येत नाहीं.

आतां उपाय. थ्री फेज मोटारीस दोन स्वतंत्र अर्थिंग असावे. १९५६ च्या वीज नियमांतही तसें सांगितलें होतें. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळून सळईपासून सुटते, तेव्हां खड्ड्यांत पाणी घालीत जावें. मीठ-कोळशानें विरोध घटतो खरा, परंतु मीठ पाण्याबरोबर वाहून जातें व लोखंडही खातें. द्राक्षाच्या मांडवावरून केबल कधींही नेऊं नये; एके ठिकाणीं वेष्टण फाटलें तरी मांडवाच्या तारांवाटे वीज ओळींच्या ओळींत पसरते. दरवर्षीं परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंगचा विरोध मोजून घ्यावा, व ई.एल.सी.बी.ची चांचणीची कळ दरमहा दाबून पाहावी.

बांधाची डागडुजी आपण दरसाल न सांगतां करितों. अर्थिंगचीही तशीच करावी, इतकीच विनंति.