वावडे असले तरी लस घ्यावी का?

गेल्या आठवड्यात एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. अंडे खाल्ले की त्याच्या अंगावर गांधी उठतात. "डॉक्टर, आधीच याला अ‍ॅलर्जी. त्यात गोवराची लस दिली तर वाढणार नाही ना?" याच भीतीने तिने नवव्या महिन्याचा डोस चुकवला होता.

अशी शंका अनेकांना येते, म्हणून जरा खुलासा करतो.

बाहेरचा पदार्थ शरीरात शिरला की शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. ती सर्व एका जातीची नसतात. अ‍ॅलर्जीच्या मुळाशी 'आयजीई' नावाचे प्रतिद्रव्य असते. इशिझाका या जपानी दांपत्याने ते १९६६ साली ओळखले. धूळ, परागकण, अंडे अशा निरुपद्रवी वस्तूंनाही ते शत्रू समजते. मग पेशींतून हिस्टामिन सुटते आणि शिंका, पित्त, धाप सुरू होते. लसीमुळे मात्र मुख्यतः 'आयजीजी' तयार होते. त्याचे काम रोगजंतूंना रोखणे. वावडे असणाऱ्यांच्या शरीरातही ते तयार होते. लसीमुळे दमा किंवा इसब जडतो, असे मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही.

आता अंड्याविषयी. गोवराची लस अंड्यात वाढवत नाहीत. काही लसी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, पण त्यांत अंड्याचा अंश नगण्य असतो. अंड्याचे वावडे असलेल्या मुलांनाही ती चालते. पीतज्वराची लस मात्र अंड्यात वाढवतात. आफ्रिकेला जाणाऱ्यांनी असे वावडे असल्यास तज्ज्ञांना आधी विचारावे.

खरी सावधगिरी कोणी घ्यावी? पूर्वी त्याच लसीने किंवा तिच्यातील जिलेटिनसारख्या घटकाने चेहरा सुजला, श्वास अडकला किंवा रक्तदाब घसरला असेल, त्यांनी. अशी तीव्र प्रतिक्रिया साधारण दहा लाख डोसांत एखादी येते. बहुधा ती अर्ध्या तासातच दिसते आणि अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन वेळेवर दिल्यास आटोक्यात येते. म्हणून लस घेऊन लगेच घरी पळू नये. दम्याचा जोर किंवा सडकून ताप असेल, तर तो उतरेपर्यंत थांबावे.

उलट गोवर झाला तर न्यूमोनियाची भीती असते. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही तो बरीचशी पुसून टाकतो.

त्या मुलाला लस टोचली, अर्धा तास बाकावर बसवले. खेळतच घरी गेला. दुसरा डोस महिन्याने आहे.

पालकांनो, मुलाचे वावडे लपवू नका, लस देणाऱ्यांना आधी सांगा. पण त्यापायी डोस चुकवू नका.